बेल वाजली की पापड

माझा धंदा लाच देण्याचा आहे. कमरेला कापडी पिशवी बांधून मी लोकांच्या घरी जातो आणि त्यांच्यादेखत त्यांच्या कुत्र्याला लाच देतो. पिशवीत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे असतात, शाकाहारी घरांसाठी पनीर. कुत्रा बसला की तुकडा, थांबला की तुकडा, गप्प राहिला तर जरा मोठा तुकडा. सरकारी कचेरीत हेच चालतं तेव्हा आपण नाकं मुरडतो. माझ्या बाबतीत त्याला 'ट्रेनिंग' म्हणतात आणि शेजारीपाजारी कौतुकाने बघायला येतात.

राहायला मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. स्कूटरवरून अंबरनाथ आणि उल्हासनगर करतो. गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणतात, उल्हासनगरात मास्टरजी. हा शब्द ऐकला की मला आतून ओशाळल्यासारखं होतं, कारण शिकवतो मी माणसांना आणि नाव होतं कुत्र्याचं. फीसुद्धा कुत्र्याच्या नावाने घेतो. पण 'काकू, कुत्रा ठीक आहे, तुम्हाला शिकवायला लागेल' असं तोंडावर सांगितलं तर चहासुद्धा मिळणार नाही. असं रोज थोडं खोटं बोलतो आणि रोज रात्री शोभाला, म्हणजे बायकोला, ते सांगतो. ती म्हणते, "तुमच्या पायावर कोणी पाय दिला तरी सॉरी तुम्हीच म्हणता. आता त्या कुत्र्यांच्या पायाही पडून या एकदा."

या धंद्यात येण्याआधी मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात पॅकिंगला होतो. जेवणाचा भोंगा वाजला की तोंडाला पाणी सुटायचं. डबा उघडायच्या आधीच. डब्यात कारलं आहे हे सकाळी डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी. पुढे कारखाना बंद पडला, पण शेजारच्याचा भोंगा चालू राहिला. मी नोकरी शोधत त्याच रस्त्याने फिरायचो, भोंगा व्हायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. नोकरी गेली हे डोक्याला कळलं होतं, जिभेला कोणी कळवलंच नव्हतं. कुत्र्यांचं काम शिकताना एका पुस्तकात वाचलं की याला अभिसंधान म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, आता भटजी उजव्या हातावरून पाणी सोडायला सांगणार. पण गोष्ट साधी आहे. एका गोष्टीपाठोपाठ नेहमी दुसरी येत असेल, तर पहिली आली की शरीर दुसरीच्या तयारीला लागतं. तुम्हाला विचारत नाही.

दुसरा प्रकार माझ्या पिशवीचा. जे केल्यावर फायदा होतो ते आपण पुन्हा करतो, फायदा बंद झाला की सोडून देतो. मात्र सोडण्याआधी एकदा जोरात करून बघतो. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण बटण आणखी दाबतो, मग आपटतो, मग त्याला शिव्या घालतो आणि मग सेल आणायला जातो. कुत्राही तसाच. भुंकून मिळायचं ते मिळेनासं झालं की आधी दुप्पट भुंकतो. त्या दुप्पट भुंकण्याला घाबरून तुम्ही दिलंत की संपलं. पुढच्या वेळी तो सुरुवातच दुपटीने करतो.

तिसरा प्रकार बघून शिकण्याचा, आणि त्यात कुत्री आपल्या वरचढ आहेत. अंबरनाथ पूर्वेला एका निवृत्त जोडप्याकडे दोन कुत्र्या होत्या. थोरलीचा पाय मोडला. काका तिला उचलून जिन्यावरून खाली न्यायचे, काकू हाताने भरवायच्या. पाय बरा झाला आणि धाकटी लंगडायला लागली. डॉक्टर झाले, एक्सरे झाला, पाय धडधाकट. मला बोलावलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही जरा आत जा." काका आत गेले आणि धाकटी चार पायांवर टुणटुणत पाणी प्यायला गेली. काका पडद्याआडून बघत होते. म्हणाले, "हे कोणाला सांगू नका हो मास्तर. माझाही गुडघा सूनबाई असली की जास्त दुखतो."

एवढी शिदोरी घेऊन मी सेठकडे गेलो होतो.

सेठ हा उल्हासनगरच्या एका सिंधी घरातला कुत्रा. जात गावठी, रंग उडालेल्या जीन्ससारखा, एक कान उभा आणि एक रजेवर. घर हरेशभाईंचं. त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे, आणि बोलणं असं की कोणी मागून शिवणयंत्र चालवतंय. त्यांची आई म्हणजे अम्मा, सत्तरीच्या पुढच्या. हरेशभाईंची मुलगी काजल, तिच्या लग्नाचं चाललं होतं, आणि फोनवर त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "मास्टरजी, कुत्रा लग्न मोडतो."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराबाहेर उभं राहून खाकरलो आणि बेल दोनदा दाबली, टिंग-टिंग, छोटी छोटी. ही माझी सवय. आत लगेच स्फोट झाल्यासारखं भुंकणं. दारावर नखं. त्या भुंकण्याच्या मागे गॅसचा लायटर वाजला, टक टक. मग भाजक्या पापडाचा वास आला. मग भुंकणं एकदम बंद, आणि कुरुम कुरुम. त्यानंतर दार उघडलं.

सिंधी घरात पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी. चहा, नाश्ता, जेवण हे सगळं नंतर. उन्हातून आलेल्या माणसाने नुसतं पाणी घटाघटा पिऊ नये म्हणून पापड, असं कोणी सांगतं. अम्मांना कारण लागत नव्हतं. बेल वाजली की त्यांचा हात पापडाच्या डब्याकडे जायचा, जसा आपला हात ठेच लागली की पायाकडे जातो. सेठ भुंकायचा, त्या त्याला गप्प करायला पहिला तुकडा टाकायच्या. मग पाहुणा सोफ्यावर पापडाची बशी घेऊन बसला की सेठ उरलेल्या हिश्श्यासाठी यायचा. आधीच्या एका स्थळाच्या काकांच्या हातातून त्याने पापड घेतला आणि सोबत बोटही घेतलं. रक्त आलं नाही, पण नकार आला.

"आता दुसरं स्थळ आहे," हरेशभाई म्हणाले. "चांगले लोक. पुढच्या महिन्यात कच्ची मिसरी. बोलणं पक्कं करायला घरी येणार, खडीसाखर तोंडात घालणार. तोवर हा सुधारला तर ठीक. नाहीतर फार्महाऊसवर."

"खोलीत बंद केला तर?" मी विचारलं.

"असा रडतो की वाटतं घरात कोणी गेलं. मिसरीच्या दिवशी?"

फार्महाऊस म्हणजे काय ते माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीची डिकी उघडते, मुरबाडच्या बाजूला कुठेतरी बंद होते आणि घरी येऊन सांगतात, तो तिथे खूश आहे. आजवर जितकी कुत्री फार्महाऊसवर गेली तितकी खरंच तिथे असती तर त्यांची ग्रामपंचायत झाली असती.

अम्मांनाही ठाऊक असावं. त्या म्हणाल्या, "सेठ जाणार तर मी पण जाणार फार्महाऊस. मलाही बघू दे, कसं आहे ते."

"मम्मी!" हरेशभाई ओरडले. मग माझ्याकडे वळून, "आणि हिला सांगा, त्याला सेठ नका म्हणू. माझ्या पप्पांना सगळं मार्केट सेठ म्हणायचं. कुत्र्याचं नाव मोती आहे."

"मोती म्हटलं तर येत नाही तो," अम्मा म्हणाल्या. "पापड घ्या मास्टरजी."

घेतला. तुकडा मलाही मिळतोय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पापड कुरकुरीत होता.

पहिला नियम मी असा घातला: बेल वाजल्यावर भुंकला तर काही मिळणार नाही. त्याच्यासाठी दाराजवळ कोपऱ्यात अम्मांची जुनी रल्ली अंथरायची, म्हणजे त्यांची तुकड्यातुकड्यांची गोधडी. तिच्यावर गप्प बसला तरच तुकडा. तोही मिरी-मिठाचा नाही. अम्मांनी त्याच्यासाठी नुसत्या मुगाच्या पिठाच्या बिनमिठाच्या इवल्या पापड्या लाटून गच्चीवर वाळवल्या. इथवर ठीक चाललं.

"आणि अम्मा," मी म्हटलं, "बेल वाजली की तुम्ही उठायचं नाही. आधी तो बसेल, मग तुम्ही उठायचं."

"दारात मेहमान आणि मी बसून राहू?"

"अगदी थोडा वेळ."

"मास्टरजी, तुम्ही कुत्र्याला शिकवायला आला की मला?"

मी नेहमीसारखं खोटं बोललो. "कुत्र्याला, अम्मा."

मी बाहेर जायचो, खाकरायचो, टिंग-टिंग करायचो. सेठ भुंकायचा. मी बाहेरून ओरडायचो, "बसा अम्मा!" जिन्यातून जाणारे लोक माझ्याकडे बघायचे. आतून अम्मा ओरडायच्या, "बसले आहे! तो नाही बसत!" दोन-तीन दिवसांत भुंकणं वाढलं. वाढणारच होतं, रिमोट आपटणं चालू होतं. पण ते कमी व्हायची वेळ आली तरी कमी होईना. उलट नवा सूर लागला, शेवटी हेल काढून. मला शंका आली. मी खाली वाकून सेठला कुरवाळलं, तर त्याच्या मिशांत पापडाचा चुरा.

"अम्मा?"

"मी नाही दिला."

"मग याने स्वतः भाजला?"

काजल आतून हसली. अम्मा माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाल्या, "सेठ दुपारी दुकानातून जेवायला यायचे. किल्ली खिशात, तरी बेल वाजवायचे. हा तेव्हा पिल्लू होता. ते याला दुकानाच्या फळीखालून उचलून घेऊन आले होते. बेल वाजली की हा दाराकडे धावायचा, मी गॅसकडे. ते गेल्यावर एक दिवस मी चहा केला आणि सवयीने हाक मारली, 'सेठ, चाय.' हा उठून आला. काय करणार? चहा याला दिला. तेव्हापासून हा सेठ." मग ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता पण बेल वाजते, आम्ही दोघं उठतो. दोघं दारापर्यंत जातो. मग आठवतं."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की कुत्रा दाराकडे धावतो तो लालचीने किंवा भीतीने. तिसरं कारण पुस्तकात नव्हतं. त्या दिवशी स्कूटर मी अंबरनाथच्या पुलावरून इतकी हळू चालवली की मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, ढकलू का?" सेठचं दाराकडे धावणं मोडायचं होतं. ते मोडलं तर तो घरात राहणार होता. नाही मोडलं तर डिकी होतीच. शोभाला सांगितलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "मग मोडा. नुसतं वाईट वाटून घेऊन कुत्रा वाचत नाही."

मोडलं. दुसऱ्या दिवसापासून अम्मांनी शब्द पाळला. हात मांडीखाली दाबून सोफ्यावर बसायच्या, बेल वाजली की हात निसटायचा, पुन्हा दाबायच्या. सेठ भुंकून भुंकून दमायचा, वैतागून रल्लीवर टेकायचा, आणि टेकला की पापडी. हळूहळू त्याने हिशेब केला. भुंकण्यात मेहनत आहे, टेकण्यात पापडी आहे. मग एक दिवस मी बेल वाजवली आणि आतून आवाजच नाही. दार उघडलं तर सेठ रल्लीवर, छाती काढून, फोटो काढायला बसल्यासारखा. हरेशभाईंनी मला मिठी मारली. मी फुगलो.

तेवढ्यात कुरियरवाला आला. त्याने बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. टिंऽऽऽग. सेठ रल्लीवरून जो सुटला तो कुरियरवाला अर्धा मजला खाली दिसला, आणि पार्सल त्याच्याही खाली.

चूक माझी होती आणि ती नवशिक्याची होती. कुत्रा धडा तंतोतंत शिकतो, त्यातला अर्थ काढत नाही. मी त्याला शिकवलं होतं की खाकरणं आणि टिंग-टिंग झालं की रल्ली. जगातले बाकीचे लोक खाकरत नाहीत, हा माझा दोष.

उपाय एकच. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या तऱ्हेने बेल वाजवायची. मी बिल्डिंगमध्ये फिरलो. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी तयार झाल्या, खालचे इस्त्रीवाले भैया, वॉचमन काका, वरच्या मजल्यावरचे एक दमेकरी आजोबा, जे बेलला टेकून दम खायचे. सेठसाठी फार उपयोगी माणूस. ठरलं असं की यायचं, बेल वाजवायची आणि निघून जायचं.

पण अम्मांच्या दारात येऊन बेल वाजवलेला माणूस पापड-पाणी न घेता परत गेला, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मी हात जोडले. त्यांनी उलट मलाच विचारलं, "सेठला मिळणार आणि पाटीलवहिनींना नाही? ती माणूस आहे ना?"

आठवडाभरात सेठ कोणाच्याही बेलला रल्लीवर जायला लागला. पण तोवर दुसरं काहीतरी घडलं होतं. पाटीलवहिनी, ज्यांना सकाळी एकदा यायला सांगितलं होतं, त्या चार वाजताही यायला लागल्या. इस्त्रीवाले भैया कपडे नसले तरी वर यायचे. आजोबांचा दमा नेमका त्याच मजल्यावर लागायचा. पुढे तर बेल दुसऱ्याच कोणी वाजवली तरी वरखालची दारं किलकिली व्हायची. वॉचमन काका मला म्हणाले, "साहेब, बेल ऐकली की तोंडाला पाणी सुटतं." एका कुत्र्याला शिकवायला गेलो आणि अख्खी बिल्डिंग तयार झाली, तीही फुकट.

माझी अवस्था वेगळी नव्हती. हेंद्रेपाड्यात आमच्या दाराची बेल वाजली, शोभाने दूधवाल्याला दार उघडलं आणि वळून म्हणाली, "अहो, माझ्या हाताकडे काय बघताय?"

मिसरीच्या दिवशी मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि त्याच्याखाली पिशवी. सेठला अंघोळ घातली होती, गळ्यात लाल रेशमी पट्टी. उभा कान उभा, रजेवरचा कानही कामावर आल्यासारखा. काजलने माझ्या कानात सांगितलं, "मास्टरजी, मी याच्यासाठी झुलेलालला, आमच्या देवाला, नवस बोलले आहे. स्वतःसाठी नाही, याच्यासाठी." मी म्हटलं, "बेल वाजली की बघ."

आणि खालून गाड्यांचे आवाज आले. हरेशभाई धावत दाराशी गेले. दाराला झेंडूचं तोरण होतं, उंबऱ्यात रांगोळी होती, आणि दार उघडं होतं. सताड. शुभ कार्याच्या दिवशी पाहुण्यांसाठी दार कोण लावून घेतं?

महिनाभर मी कुत्र्याला शिकवत होतो, बेल वाजली की काय करायचं. आज बेल वाजणारच नव्हती.

माणसं जिन्यातून थेट आत यायला लागली. "आओ साईं, आओ आओ!" जिन्यात चपलांचा ढीग, अत्तराचा वास, फळांच्या टोपल्या. सेठ हॉलच्या मध्यभागी उभा. तो भुंकत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. माणसं तर आली, पण बेल नाही, मग ही आली आहेत की नाहीत? असा त्याचा चेहरा होता. मी हळूच म्हटलं, "जागेवर." एवढ्या गलक्यात ते मलाही ऐकू आलं नाही. पिशवीत हात घालायला गेलो तर शर्टाचं बटण अडकलं.

स्वयंपाकघरातून पापडाचं ताट निघालं.

मुलाचे आजोबा, पांढरा सफारी, सोन्याची काडी असलेला चष्मा, सोफ्यावर मधोमध बसले होते. त्यांनी पापड उचलला. मोडला. त्या कुरुमबरोबर सेठच्या मानेवरचे केस उठले आणि त्याने आजोबांच्या दिशेने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. दारात हरेशभाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला गाडीची डिकी दिसली.

अम्मा व्याह्यांकडच्या बायकांमध्ये डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या. कोणाला काही न सांगता, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, अनवाणी, रांगोळी तुडवत दाराबाहेर गेल्या. आणि बाहेरून आवाज आला. आधी खाकरण्याचा. हुबेहूब माझा, बारीक आणि थोडा ओशाळलेला. मग टिंग-टिंग.

सेठ गर्रकन वळला. पाहुण्यांच्या पायांमधून सरकत कोपऱ्यात गेला, रल्लीवर बसला आणि छाती काढली.

मुलाच्या आजीने विचारलं, "कोण आलं?"

"मी," अम्मा आत येत म्हणाल्या, आणि सेठपुढे पापडी ठेवली.

मी त्यांना हे कधीच शिकवलं नव्हतं. महिनाभर मांडीखाली हात दाबून त्या सोफ्यावर बसल्या होत्या, तेव्हा सेठ पापडीकडे बघत होता आणि त्या माझ्याकडे.

हे इथेच थांबलं असतं तर मी सुटलो असतो. पण बेल वाजली होती. वरचं दार उघडलं, खालचं उघडलं. आधी पाटीलवहिनी आल्या, मग इस्त्रीवाले भैया, मग काठी टेकत दमेकरी आजोबा, आणि सगळ्यात शेवटी, टोपी काढून हातात घेतलेले वॉचमन काका. दारात सगळे पाहुण्यांकडे बघून थबकले. पण पाय मागे घेईनात. ताटाचा वास त्यांना धरून होता.

सफारीवाले आजोबा चष्मा वर करून बघत राहिले. मग व्याह्यांचा, म्हणजे हरेशभाईंचा हात धरून म्हणाले, "वाह साईं! एक घंटी वाजवली तर पूरी बिल्डिंग उभी राहिली. माणसं जोडली आहेत या घराने. मुलगी अशाच घरातून आणायची असते." खडीसाखर तोंडात गेली. काजल रडली, आणि लोकांना वाटलं लग्नासाठी.

सेठ राहिला. हरेशभाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून म्हटलं, "मास्टरजी, फार्महाऊस कॅन्सल. सेठला, म्हणजे मोतीला, काय आवडतं?" दुपारची बेल आवडते, हे खरं मी सांगितलं नाही. पापड आवडतो म्हटलं.

काही दिवसांनी मी त्या बाजूला होतो, दुपारची वेळ. वर गेलो. खाकरलो, टिंग-टिंग. आत शांतता. अम्मांनी दार उघडलं तेव्हा सेठ रल्लीवर छाती काढून. मी नेहमीप्रमाणे "शाब्बास" म्हटलं आणि सोफ्यावर बसलो. अम्मांनी गॅस पेटवला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता नाही येत तो दारापर्यंत."

मी रल्लीकडे बघितलं.

"दुपारी बेल वाजते. मी उठते. तो तिथे जाऊन बसतो. आधी मागे वळून बघायचा, मी येते की नाही. आता ते पण नाही."

माझ्या धंद्यात याला यश म्हणतात. मला सॉरी म्हणायचं होतं, पण कोणाला ते कळेना. म्हटलं, "अम्मा, परत शिकवू का? दाराकडे जायला? होईल. थोडे दिवस लागतील."

त्यांनी पापड उलटला, सगळ्या बाजूंनी नीट भाजला, चिमट्यातून बशीत ठेवला आणि माझ्यासमोर आणला.

"नको मास्टरजी. त्याला बसू दे. बसल्यावर त्याला मिळतं तरी. दारापर्यंत जायला मी आहे."

मी पापड मोडणार तेवढ्यात बेल वाजली. लांब, एकच. कुरियर असेल, नाहीतर पाटीलवहिनी. सेठ रल्लीवर सरसावून बसला. अम्मा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांच्या मागोमाग मीही उठलो होतो, हे मला उभा राहिल्यावर कळलं.